कॉम्प्युटर फॉरमॅट मारण्याआधी गाण्यांच्या संग्रहाचा बॅकअप कसा घ्यावा

म्युझिकचा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर ओढून टाकला की गाणी वाचतात. संग्रह वाचेलच असं नाही. विंडोज नव्याने टाकून प्लेअर उघडला की गाणी सगळी दिसतात. पण प्लेलिस्ट रिकाम्या, गाण्यांना दिलेले तारे पुसलेले, कुठलं गाणं कितीदा ऐकलं त्याची नोंद शून्यावर, आणि 'नुकतीच जोडलेली' या यादीत एकाच तारखेला आख्खा संग्रह. गाणं पुन्हा विकत घेता येतं, सीडी पुन्हा रिप करता येते, म्हणजे तिच्यावरची गाणी फाइल बनवून कॉम्प्युटरवर उतरवता येतात. या नोंदी मात्र फक्त त्या एका कॉम्प्युटरवर होत्या, त्यामुळे एकदा गेल्या की गेल्या.

संग्रह तीन जागी राहतो

पहिली जागा म्हणजे गाण्यांच्या फाइल्स: एमपी३, फ्लॅक, एम४ए, वेव्ह वगैरे. दुसरी जागा त्या फाइल्सच्या पोटातले टॅग: गाण्याचं नाव, गायक, अल्बम, साल, मुखपृष्ठाचं चित्र. एमपी३मध्ये ते आयडी३ पद्धतीने लिहिलेले असतात, फ्लॅकमध्ये व्हॉर्बिस कॉमेंट पद्धतीने. फाइल हलली की टॅग तिच्याबरोबर जातात, त्यांची वेगळी काळजी नको. (वेव्हचा मात्र भरवसा धरू नका. या प्रकारात टॅग वाचण्या-लिहिण्याची रीत प्रत्येक प्लेअरची वेगळी असते.)

तिसरी जागा प्लेअरचा डेटाबेस. प्लेलिस्ट, तारे, किती वेळा वाजवलं, कधी जोडलं, हे सगळं बहुधा इथे असतं, आणि ही फाइल गाण्यांच्या फोल्डरपासून दूर, अनेकदा लपवलेल्या जागी असते. ॲपलचा आयट्यून्स हा प्लेअर तारे फक्त आपल्या डेटाबेसमध्ये ठेवतो, गाण्याच्या फाइलमध्ये लिहीत नाही. म्युझिकबी आणि मीडियामंकी या प्लेअरना सांगितलं तर ते तारे टॅगमध्येही लिहितात. तुमच्या प्लेअरच्या सेटिंगमध्ये असा पर्याय असेल तर तो आजच चालू करा आणि सगळ्या गाण्यांचे टॅग एकदा लिहून घ्या. डेटाबेस हरवला तरी तारे वाचतील.

डेटाबेस गाण्याला ओळखतो ते बहुतेक वेळा त्याच्या पत्त्यावरून: कुठला ड्राइव्ह, कुठला फोल्डर, कुठलं नाव. त्यामुळे खरं काम दोन गोष्टींचं आहे. डेटाबेसची प्रत घ्यायची, आणि नव्या सिस्टिममध्ये गाणी जुन्याच पत्त्यावर नेऊन ठेवायची. पुढच्या बहुतेक पायऱ्या याच्यासाठी आहेत.

पायरी १: विखुरलेली गाणी गोळा करा

गाणी एकाच फोल्डरमध्ये आहेत असं वाटत असतं, पण डाउनलोड्स, डेस्कटॉप, जुन्या पेन ड्राइव्हवरून उतरवलेले फोल्डर, सीडी रिप करणाऱ्या सॉफ्टवेअरने स्वतःच बनवलेला फोल्डर, असा पसारा निघतो. प्लेअरमध्ये सगळी गाणी फाइलच्या पत्त्याप्रमाणे क्रमाने लावा. मुख्य फोल्डरबाहेरची गाणी लगेच वेगळी दिसतात.

ती आत आणायची असतील तर प्लेअरच्याच मदतीने आणा. एक्सप्लोररमधून हलवलीत तर डेटाबेसमधला पत्ता जुनाच राहील. आयट्यून्समध्ये फाइल, लायब्ररी, ऑर्गनाइझ लायब्ररी या वाटेने कन्सॉलिडेट फाइल्स हा पर्याय आहे. तो बाहेरच्या गाण्यांची प्रत मीडिया फोल्डरमध्ये करतो. मूळ फाइल जागेवरच राहते, म्हणजे तेवढी मोकळी जागा आधी हवी.

दिसतात पण डिस्कवर नसतात, अशा गाण्यांकडेही लक्ष द्या. वनड्राइव्ह किंवा आयक्लाउडमधल्या गाण्यापुढे ढगाचं चिन्ह असेल तर त्या कॉम्प्युटरवर फक्त त्याची नोंद आहे. वनड्राइव्हच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा आणि सगळं उतरेपर्यंत थांबा.

ॲपल म्युझिक, स्पॉटिफाय अशा सेवांमधून 'ऑफलाइन'साठी उतरवलेल्या फाइल्स कॉपी करण्यात अर्थ नाही. त्या कुलूपबंद असतात आणि त्या ॲपमधून, चालू वर्गणीवरच वाजतात. पुन्हा लॉगिन केलं की तिथल्या प्लेलिस्ट परत येतील. आयट्यून्सवर विकत घेतलेली गाणी मात्र २००९ पासून कुलपाशिवाय मिळतात, ती कॉपी करण्यासारखी आहेत. त्याआधी घेतलेल्या एम४पी फाइल्स असतील, किंवा विंडोज मीडिया प्लेअरच्या जुन्या आवृत्तीने कॉपी-प्रोटेक्ट चालू ठेवून रिप केलेल्या डब्ल्यूएमए फाइल्स असतील, तर त्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर वाजवून पाहा. वाजल्या नाहीत तर त्यांचा परवाना याच सिस्टिमला बांधलेला आहे आणि फॉरमॅटनंतर त्या मुक्या होतील. मूळ सीडी असेल तर आत्ताच पुन्हा रिप करा.

पायरी २: माप काढा, डिस्क ठरवा

३२० केबीपीएसचा एमपी३ मिनिटाला साधारण २.४ एमबी घेतो, म्हणजे पाच मिनिटांचं गाणं १२ एमबी. सीडीचा मूळ आवाज मिनिटाला सुमारे १० एमबी, आणि तोच फ्लॅकमध्ये बहुधा ५ ते ७ एमबी. एमपी३ची दहा हजार गाणी १०० जीबीच्या आसपास जातात, फ्लॅकमध्ये त्याच्या अडीच-तीन पट. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधला आकडा पाहा आणि त्याच्या दीडपट तरी मोकळी डिस्क घ्या. १ टीबी लिहिलेली डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दाखवते, ही फक्त मोजण्याच्या पद्धतीतली तफावत आहे.

एकुलती एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवू नका. बाहेरची हार्ड डिस्क किंवा एसएसडी घ्या, आणि जमलं तर दुसरी प्रत आणखी एका डिस्कवर किंवा क्लाउडवर. फॉरमॅट आणि रिस्टोर यांच्या मधल्या काही तासांत मूळ संग्रह अस्तित्वातच नसतो. त्या वेळी एकमेव डिस्क पडली किंवा बंद पडली तर मागे काहीच उरत नाही.

डिस्कचं फॉरमॅट (इथे अर्थ फाइल्स साठवण्याची पद्धत) शक्यतो सिस्टिमचं स्वतःचं ठेवा: विंडोजला एनटीएफएस, मॅकला एपीएफएस, लिनक्सला ईएक्सटी४. विंडोज आणि मॅक दोन्हींवर डिस्क लागणार असेल तरच एक्सफॅट घ्या. एनटीएफएस डिस्क मॅक वाचतो पण तिच्यावर लिहीत नाही, आणि एपीएफएस विंडोजला दिसतच नाही. फॅट३२ टाळाच. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही, आणि लांबलचक मैफलीचं एकाच फाइलमधलं वेव्ह रेकॉर्डिंग या मर्यादेला भिडू शकतं.

पायरी ३: फाइलींची नावं तपासा

कॉपी अर्ध्यावर अडकते ती बहुतेक वेळा नावांमुळे. यातली पहिली अडचण चिन्हांची. विंडोजच्या फाइलनावात प्रश्नचिन्ह, कोलन, तारांकन, दुहेरी अवतरण, उभी रेघ आणि कोनी कंस चालत नाहीत. मॅक-लिनक्सवर यांतली बहुतेक चालतात, आणि गाण्याच्या शीर्षकात प्रश्नचिन्ह असणं काही नवलाचं नाही. अशी फाइल एक्सफॅट डिस्कवर नेताना अडते, किंवा चिन्हाच्या जागी भलतंच काही घेऊन पोचते. आपल्याच सिस्टिमच्या फॉरमॅटची डिस्क वापरली तर हा प्रश्नच येत नाही.

दुसरी अडचण लांबीची. विंडोज एक्सप्लोरर ड्राइव्हपासून फाइलच्या शेवटापर्यंत साधारण २६० अक्षरांच्या पुढचा पत्ता हाताळताना अडखळतो. शास्त्रीय संगीताच्या फाइलनावात राग, ताल, बंदिशीचे बोल, साथीदार असं सगळं लिहिलेलं असलं, तर मूळ जागी हा पत्ता मर्यादेत बसलेला असतो. बॅकअपच्या लांब नावाच्या फोल्डरमध्ये गेला की मर्यादा ओलांडतो. म्हणून बॅकअपचा फोल्डर डिस्कच्या मुळाशीच आणि दोन-तीन अक्षरांच्या नावाचा ठेवा.

तिसरी अडचण देवनागरी नावं असणाऱ्यांची, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. 'तऱ्हा'मधला 'ऱ' युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) दोन प्रकारे लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता अशी जोडी म्हणून. दिसायला दोन्ही सारखेच, पण कॉम्प्युटरच्या लेखी नावं वेगळी. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्क नाव साठवताना अक्षरं सुटी करतात, विंडोज जसं दिलं तसंच ठेवतं. त्यामुळे मॅकवरून विंडोजकडे आलेल्या संग्रहात 'ऱ' असलेली नेमकी तेवढीच गाणी प्लेलिस्टमध्ये सापडत नाहीत, आणि कारण काही केल्या उमगत नाही. अशी गाणी थोडी असतील तर फाइलचं नाव एकदा हाताने पुन्हा टाइप करून गाणं प्लेलिस्टमध्ये नव्याने घाला. खूप असतील तर फाइलनावं रोमन लिपीत ठेवावीत आणि देवनागरी टॅगमध्ये असू द्यावी. प्लेअर पडद्यावर टॅगच दाखवतो, त्यामुळे वापरात काहीच फरक पडत नाही. मात्र हे नामांतर प्लेअरच्या आतूनच करा, म्हणजे डेटाबेसलाही ते कळेल.

पायरी ४: डेटाबेस शोधा

आधी प्लेअर पूर्ण बंद करा. घड्याळाशेजारी त्याचं चिन्ह उरलं असेल तर तिथूनही. चालू डेटाबेसची प्रत अर्धवट निघू शकते, कारण शेवटचे बदल शेजारच्या तात्पुरत्या फाइलमध्येच असतात. विंडोजमध्ये ॲपडेटा हा फोल्डर लपवलेला असतो, म्हणून एक्सप्लोररच्या व्ह्यूमधून हिडन आयटम्स चालू करा.

आयट्यून्सचं सगळं म्युझिकमधल्या आयट्यून्स फोल्डरमध्ये असतं. आयटीएल शेवट असलेली लायब्ररी फाइल हा त्याचा जीव, पण तेवढी एकच उचलू नका, आख्खा फोल्डर घ्या. मॅकवर २०१९ च्या कॅटलिनापासून आयट्यून्सच्या जागी म्युझिक ॲप आलं. त्याची लायब्ररी होममधल्या म्युझिक फोल्डरच्या आतल्या म्युझिक फोल्डरमध्ये असते. फाइंडरमध्ये ती एकच फाइल दिसते, प्रत्यक्षात तो फोल्डर आहे. तो उघडून आतलं काही सुटं उचलू नका.

म्युझिकबीची लायब्ररी नेहमीच्या मांडणीत म्युझिकमधल्या म्युझिकबी फोल्डरमध्ये आणि सेटिंग ॲपडेटातल्या रोमिंगमध्ये असतात, तेव्हा दोन्ही घ्या. मीडियामंकी ५चा डेटाबेस रोमिंगमधल्या मीडियामंकी५ या फोल्डरात, चौथ्या आवृत्तीचा नुसत्या मीडियामंकी नावाच्या. फूबार२००० दुसऱ्या आवृत्तीपासून रोमिंगमधला, नावाच्या शेवटी व्ही२ असलेला फोल्डर वापरतो, त्याआधी ही शेपटी नव्हती. तो पोर्टेबल प्रकारे टाकलेला असेल तर सगळं त्याच्याच फोल्डरमधल्या प्रोफाइलमध्ये. लिनक्सवर रिदमबॉक्स आणि स्ट्रॉबेरी दोघंही होममधल्या बिंदूने सुरू होणाऱ्या लोकल फोल्डरच्या शेअरमध्ये आपापल्या नावाने राहतात.

त्याच फेरीत इक्वलायझरच्या ठेवणी, प्लगइन, विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या परवाना-किल्ल्या, आणि सीडी रिप करणाऱ्या सॉफ्टवेअरमधली तुमच्या सीडी ड्राइव्हची ऑफसेट सेटिंग (ड्राइव्ह आवाज किंचित पुढेमागे वाचतो त्याची दुरुस्ती) उचला.

पायरी ५: प्लेलिस्ट वेगळ्याही काढून ठेवा

डेटाबेस त्या एका प्लेअरलाच वाचता येतो. तो बिघडला किंवा पुढे प्लेअर बदलायचा झाला तर साध्या मजकुरातली प्लेलिस्ट उपयोगी पडते. बहुतेक प्लेअर ती एम३यू८ प्रकारात काढून देतात. शेवटचा ८ महत्त्वाचा आहे. नुसत्या एम३यूमध्ये अक्षरं बहुधा सिस्टिमच्या जुन्या पद्धतीने लिहिली जातात आणि देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. एम३यू८ युनिकोडमध्ये असतो.

सापेक्ष पत्ता (प्लेलिस्टच्या जागेपासून मोजलेला), म्हणजे रिलेटिव्ह पाथचा पर्याय असेल तर तो घ्या आणि प्लेलिस्ट गाण्यांच्या मुख्य फोल्डरमध्येच ठेवा. मग ड्राइव्हचं अक्षर बदललं तरी त्या चालतात. निरपेक्ष, म्हणजे ड्राइव्हपासूनचा पूर्ण पत्ताच मिळत असेल तरी हरकत नाही. ही साधी मजकुराची फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडून जुना पत्ता नव्याने एका झटक्यात बदलता येतो.

मॅकच्या म्युझिक ॲपमध्ये फाइल, लायब्ररी, एक्सपोर्ट लायब्ररी हे करून सगळ्या लायब्ररीची एक्सएमएल फाइलही काढा. तिच्यात तारे आणि वाजवल्याच्या नोंदी असतात, आणि इतर काही प्लेअर ती वाचतात.

पायरी ६: कॉपी

एक्सप्लोररने कॉपी होते, पण फाइल बनल्याची तारीख आजची पडते. काही प्लेअर 'कधी जोडलं' हे त्या तारखेवरून ठरवतात. शिवाय मध्ये एक फाइल अडली की विंडो प्रश्न विचारत रात्रभर थांबून राहते. विंडोजमध्ये आधीपासून असलेलं रोबोकॉपी हे कॉपीचं साधन इथे फार बरं. कमांड प्रॉम्प्टमध्ये रोबोकॉपी, मग अवतरणात मूळ फोल्डर, मग अवतरणात नवा फोल्डर, मग पर्याय असं लिहायचं. अवतरण मिटण्याआधी शेवटी बॅकस्लॅश ठेवू नका, ठेवलात तर पुढचे पर्यायही पत्त्याचाच भाग समजले जातात.

पर्याय मोजकेच लागतात. स्लॅश ई म्हणजे रिकाम्यांसह सगळे आतले फोल्डर. स्लॅश आर कोलन १ आणि स्लॅश डब्ल्यू कोलन १ म्हणजे अडलेल्या फाइलसाठी एकदाच, एका सेकंदाने प्रयत्न. हे लिहिलं नाही तर रोबोकॉपी मूळ ठेवणीप्रमाणे दर ३० सेकंदांनी दहा लाख वेळा प्रयत्न करत बसतो. स्लॅश एक्सजे दुसऱ्याच फोल्डरकडे नेणारे आडवळणी जोड (जंक्शन) टाळतो, स्लॅश लॉग कोलनपुढे फाइलचं नाव दिलं की अहवाल मिळतो. स्लॅश एमआयआर मात्र वापरू नका. तो नव्या जागेला मूळ जागेची तंतोतंत नक्कल बनवतो, म्हणजे तिथे आधीचं जे काही जास्तीचं असेल ते पुसतो. मूळ आणि नवा पत्ता चुकून उलटा लिहिला गेला तर संग्रहच साफ.

मॅक-लिनक्सवर आरसिंक ही कॉपीची कमांड घ्या. तिथे मूळ फोल्डरच्या शेवटी स्लॅश दिला तर फक्त आतलं सामान जातं, नाही दिला तर फोल्डरसकट जातं.

१०० जीबी चांगल्या यूएसबी ३ डिस्कवर अर्ध्या-पाऊण तासात जातात, यूएसबी २वर तासाहून जास्त लागतो. लॅपटॉप चार्जरवर ठेवा आणि स्लीप बंद करा.

पायरी ७: पडताळणी

दोन्ही फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि 'साइझ' जुळवा. 'साइझ ऑन डिस्क' जुळवू नका, तो डिस्कच्या रचनेप्रमाणे बदलतो. पाच-दहा फाइलींचा फरक आला तर घाबरायचं कारण नाही. विंडोज मीडिया प्लेअर अल्बमच्या फोल्डरमध्ये चित्रांच्या लपलेल्या फाइल्स ठेवतो, मॅकही आपल्या खुणा ठेवतो. रोबोकॉपीच्या अहवालातल्या 'फेल्ड' या रकान्यात शून्य आहे ना, ते बघा.

संख्या जुळली म्हणजे आतला मजकूरही शाबूत आहे असं होत नाही. टेराकॉपी या कॉपीच्या सॉफ्टवेअरमधला व्हेरिफाय किंवा आरसिंकमधली चेकसम (मजकुरावरून काढलेल्या आकड्याची) तपासणी दोन्ही बाजूंच्या फाइल्स आतून वाचून ताडते. फ्लॅकची यात मोठी सोय आहे. प्रत्येक फाइलमध्ये मूळ आवाजाची एमडी५ खूण लिहिलेली असते, आणि फ्लॅकच्या अधिकृत साधनाला उणे टी हा पर्याय दिला की ते फाइल उलगडून त्या खुणेशी पडताळतं. एमपी३मध्ये अशी खूण नाही. शेवटी बॅकअपच्या डिस्कवरूनच, शक्यतो दुसऱ्या कॉम्प्युटरवर, वेगवेगळ्या फोल्डरमधली वीसेक गाणी मध्ये आणि शेवटी वाजवून बघा.

पायरी ८: फॉरमॅटच्या आधी

कागदावर लिहून घ्या (कॉम्प्युटरवर नको): गाण्यांचा पूर्ण पत्ता, ड्राइव्हचं अक्षर, यूजर फोल्डरचं नाव, प्लेअरची आवृत्ती. आयट्यून्समध्ये अकाउंट, ऑथोरायझेशन्समधून या कॉम्प्युटरचं ऑथोरायझेशन काढा. एका खात्याला पाचच कॉम्प्युटर चालतात, आणि सगळी एकदम काढून टाकण्याची मुभा वर्षातून एकदाच मिळते.

विंडोज नव्याने टाकतानाचा 'कीप माय फाइल्स' हा पर्याय किंवा जुन्या विंडोजचा उरलेला विंडोज.ओल्ड फोल्डर यांच्या भरवशावर बसू नका. पहिला पर्याय सॉफ्टवेअर काढतो आणि त्यांचे डेटाबेस वाचतील याची हमी नाही. दुसरा फोल्डर काही दिवसांनी आपोआप पुसला जातो. गाणी त्याच कॉम्प्युटरच्या दुसऱ्या पार्टिशनवर असतील आणि तिथे बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल, तर रिकव्हरी की आधी हाताशी असू द्या.

मग बॅकअपची डिस्क 'सेफली रिमूव्ह' करून काढा आणि वायरही उपसून ठेवा. इन्स्टॉलर जोडलेल्या सगळ्या डिस्क एकाच यादीत आकड्यांनी दाखवतो. डिस्क ० आणि डिस्क १ यांत गल्लत व्हायला एक क्लिक पुरतो.

पायरी ९: परत आणताना

इथे क्रम पाळा. विंडोज टाकताना मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरुवात केली तर यूजर फोल्डरला ईमेलची पहिली पाच अक्षरं मिळतात, आणि सी ड्राइव्हमधला जुना पत्ता तिथेच मोडतो. जुन्याच नावाचं लोकल खातं करता आलं तर उत्तम. गाणी वेगळ्या ड्राइव्हवर असतील तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन जुनं अक्षर द्या.

आता गाणी जुन्या पत्त्यावर कॉपी करा, प्लेअर अजून उघडू नका. गाणी पोचली की प्लेअर टाका, शक्यतो जुनीच आवृत्ती. एकदा उघडून ऑटो स्कॅन आणि 'न सापडलेली गाणी काढून टाका' हे पर्याय बंद करून पूर्ण बंद करा. मग त्याने बनवलेल्या रिकाम्या डेटाबेसच्या जागी तुमचा जुना ठेवा. जुन्या डेटाबेसबरोबर जुन्या सेटिंगही परत येत असतील तर ऑटो स्कॅन पुन्हा चालू होऊ शकतो, म्हणून हे उलट क्रमाने कधीच नको. गाणी पोचण्याआधी डेटाबेस उघडला तर प्लेअर सगळी गाणी गायब समजून नोंदी पुसू शकतो. आयट्यून्सला लायब्ररी निवडून द्यायची असेल तर विंडोजवर शिफ्ट, मॅकवर ऑप्शन दाबून ठेवून उघडा.

काही गाणी सापडली नाहीत तर ती काढून पुन्हा जोडू नका, नोंदी जातील. म्युझिकबी आणि मीडियामंकीमध्ये हरवलेल्या फाइल्स शोधून नोंदीला नवा पत्ता जोडण्याची सोय आहे, ती वापरा. सगळी जुळली की दोन-तीन प्लेलिस्ट, जुने तारे आणि 'नुकतीच जोडलेली' यादी उघडून पाहा, मगच ऑटो स्कॅन चालू करा.

आयफोन सगळ्यात शेवटी जोडा. तो एका वेळी एकाच लायब्ररीशी सिंक होतो. जुनी लायब्ररी नीट परत आली असेल तर बहुधा तो तिला ओळखतो. 'इरेज अँड सिंक' असं विचारलं तर तिथेच नकार द्या, कारण होकार दिला तर फोनवरची गाणी जातात. वायर काढा आणि आयट्यून्सने जुनी लायब्ररीच उघडली आहे का ते आधी तपासा.